उजवीकडून दुसरा तारा

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने चष्मा कपाळावर सरकवला. आधी नुझाकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे, यम्माकडे.

“तुम्ही आपल्यातल्याच ना?”

“हो,” नुझा म्हणाली.

“मग तिकीट कशाला काढताय? दुपारच्या नमाजाला या. अल्लाच्या घराला तिकीट नसतं. हे सगळं यांच्यासाठी.” बाईने टोप्या आणि काळे चष्मे घातलेल्या रांगेकडे हनुवटीने खूण केली.

“नमाजाला आलो तर तुम्ही आम्हाला वर पाठवणार, बायकांच्या सज्ज्यात,” यम्मा म्हणाली. “मला खाली जायचंय. पुरुषांच्या वजूखान्यात.”

“या रब! हाज्जा, पुरुष नमाजाआधी हातपाय धुतात तिथे तुमचं काय हो?”

“माझं काही नाही. माझ्या नवऱ्याचं आहे. ती भिंत त्याने केलीय.”

बाईने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि दोन तिकिटं फाडली. “अकराची फेरी फ्रेंच लोकांची आहे. तासभर फ्रेंच व्हा. आत गेल्यावर चपला पिशवीत घालून हातात धरा. आणि हाज्जा, गाइडच्या पुढे पळू नका, तो चिडतो.”

नुझाने तिकिटं घेतली. यम्मा समुद्राकडे पाठ करून उभी होती. फेझहून पहाटेच्या गाडीने निघाल्यापासून ती फार थोडं बोलली होती. अंगात तपकिरी जेलाबा होता, नवा नव्हे, पण खूप दिवसांनी घातलेला. चार महिने दहा दिवस ती पायमोज्यांपासून डोक्याच्या रुमालापर्यंत पांढऱ्यात होती आणि उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. नवरा गेल्यानंतरची इद्दत संपली त्याला आज चार दिवस झाले होते. शेजारणी म्हणाल्या, आता हमामला जा, बहिणीकडे जा, जरा मोकळी हो. यम्मा म्हणाली, मला आधी कासाला जायचंय, समुद्रावरच्या मशिदीत.

कारण होतं सी अल्लालने सांगितलेली गोष्ट.

नुझाचे वडील, उस्ताद बूश्ता, झेलीजचं काम करत. झिलई दिलेली भाजकी फरशी छिन्नीने तासायची, त्यातून बदाम, फुल्या, चांदण्या काढायच्या आणि त्यांची नक्षी भिंतीवर उभी करायची. पन्नास वर्षं मातीची धूळ छातीत घेऊन ते गेले. मयताच्या तिसऱ्या दिवशीच्या जेवणाला त्यांचा जुना जोडीदार अल्लाल दोन्ही काखांत कागदात गुंडाळलेले साखरेचे दोन सुळके घेऊन आला. कुसकुस झाला, चहा झाला. पुरुष उठायला लागले तरी तो अंगणात बसूनच राहिला. मग दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या यम्माला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “लल्ला तामू, एक गोष्ट माझ्याकडे ठेवायला दिलेली आहे. ती मी कबरीत कशाला नेऊ?”

नुझाला एक बहीण होती, तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधी गेलेली. चौदा महिन्यांची होती. ताप डोक्यात गेला. याहून जास्त नुझाला कधी कळलं नव्हतं. घरात त्या मुलीचं नाव कोणी घेत नसे. होतं ते एकच वाक्य. दूध उतू गेलं, भाडं थकलं, पाव करपला, भांडण कशावरूनही निघो, शेवटी यम्मा म्हणायची, “तू काय, तू तिसऱ्या दिवशी येणारा माणूस.” बाबा मग स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. उत्तर देताना नुझाने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या वेळी समुद्रावरच्या या मशिदीचं काम चालू होतं आणि बाबा इथे होते. मुलगी सकाळी गेली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या फोनवरून दुपारी निरोप पोचला. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजाआधी तिला पुरलं. त्या वेळेत बाबा पोचणं शक्यच नव्हतं, हे यम्मालाही मान्य होतं. पण रात्रीची गाडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळची होती, संध्याकाळची होती. बाबा आले ते तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळेला. जेवले. दुसऱ्या सकाळी परत कामावर गेले.

“तो तिसऱ्या दिवशी आला, खरं आहे,” अल्लाल म्हणाला होता. “पण दोन दिवस तो कुठे होता? वजूखान्याची लांब भिंत आम्ही जमिनीवर मांडत होतो. सात मोठे तारे. निरोप आला, ऐकला, आणि खाली बसला. त्याला वाटलं असेल, हातातलं फूल पुरं करून उठतो. उठलाच नाही. मांडतच राहिला. आम्ही हात धरला, झटकला. भाकरी ठेवली, तिच्यावर माशा बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बघतो तर काय, मातीच्या रंगाच्या अख्ख्या पसाऱ्यात एक हिरवा तुकडा तोंड वर करून चमकतोय.”

नुझाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. ती झेलीजवाल्याच्या घरातच वाढली होती. झेलीज उपडं मांडतात. रंगाची बाजू जमिनीकडे, मातीची वर. मांडणाऱ्याला रंग दिसत नाही, तो मनात ठेवावा लागतो. वरून चुना-सिमेंट ओतून, वाळल्यावर सगळं उभं करतात, तेव्हा नक्षीला डोळे येतात. त्या पसाऱ्यात एखादा तुकडा उताणा पडला तर आंधळ्यालासुद्धा दिसेल. आणि तसाच राहिला तर भिंतीवर रंगाच्या जागी उघडी माती येईल.

“नवशिक्याकडूनसुद्धा अशी चूक होत नाही,” अल्लाल म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यालाच दिसलं नाही. मी तो उचलायला हात घातला तर माझं मनगट धरलं. म्हणाला, तिथे हात लावू नकोस, ती झोपलीय. लल्ला तामू, मी देवाला घाबरणारा माणूस आहे. हेच शब्द. मग मीच त्या नक्षीवर सिमेंट ओतलं आणि त्याला गाडीत बसवून दिलं. म्हणाला, बायकोला सांगू नकोस. मी नाही सांगितलं.”

साखरेच्या सुळक्याचा आतला पातळ पांढरा कागद घेऊन त्याने सुतारी पेन्सिलीने भिंत काढून दिली होती. सात तारे, आणि उजवीकडून दुसऱ्या ताऱ्याच्या पोटात, कमरेच्या उंचीवर, एक फुली.

यम्माने त्या दिवशी कागद नुसता घडी करून ठेवला. इद्दतच्या चार महिन्यांत मात्र तो कागद तिने इतक्यांदा उघडला की घड्या फाटायला आल्या.

*

गाइड उंच, घाईतला माणूस होता. त्याने मोठ्या दालनात छत दाखवलं, दिवे दाखवले, माना वर करायला लावल्या. यम्माने मान वर केली नाही. चपलांची पिशवी छातीशी धरून ती लोकांच्या मागून चालत राहिली, बाजारात चालावं तशी, कोपरं बाहेर काढून.

“या बाईंना फ्रेंच येतं का?” गाइडने नुझाला अरबीत विचारलं.

“येत नाही.”

“मग काय कळतंय त्यांना?”

“तुला जेवढं कळतं त्याहून जास्त,” यम्मा म्हणाली. “ती खांबाची चौकट वाकडी बसलीय. तिथली फुली बघ.”

गाइडने फुली बघितली. पुढे त्याने यम्माला काही विचारलं नाही.

वजूखाना खाली होता. पायऱ्या उतरताना थंडावा अंगावर आला, ओल्या दगडाचा आणि मिठाचा वास आला. कमळाच्या आकाराची संगमरवरी कुंडं रांगेने उभी होती. इथे पाणी क्वचितच सोडत असावेत, कडा कोरड्या होत्या. आणि पलीकडे ती भिंत. तीस-पस्तीस पावलांची असेल. हिरवे, निळे, मधाच्या रंगाचे सात तारे, एकातून दुसरा उमलत गेलेला. माणसं डाव्या टोकाला गाइडभोवती गोळा झाली. यम्मा एकटीच उजवीकडे वळली.

नुझाने मोजलं. एक, दोन. ती वाकली. नगरपालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत दहा वर्षं काम केल्यामुळे तिला एक सवय लागली होती. आधी बघायचं, मग मत बनवायचं. तिने ताऱ्याचं पोट मध्यापासून बाहेर, एकेका वर्तुळाने तपासलं. मग खाली, मग वर. तुकडे सगळे जागच्या जागी होते. हिरव्याच्या जागी हिरवा होता.

“इथे बघ, यम्मा.” खाली, गुडघ्याच्या उंचीवर एक बदाम फिकट दिसत होता. “हा असेल. रंग नाहीये त्याला.”

यम्माने वाकून बघितलंही नाही. “मिठाने झिलई उडालीय. कडेला हिरवी रेघ आहे की अजून. आणि सांधा बघ.”

नुझाने सांधा बघितला. शेजारच्यासारखाच, केसाएवढा. तुकडे मागच्या बाजूला निमुळते तासतात, म्हणजे समोरून एकमेकांना घट्ट भिडतात. उलटा बसवलेला तुकडा समोरून लहान दिसला पाहिजे, भोवती सिमेंटची रुंद रेघ दिसली पाहिजे. हे तिला माहीत होतं. तरीही ती तो फिकट बदाम आईला द्यायला निघाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

“खाली बघू का? की फुली थोडी इकडेतिकडे…”

“नाही.” यम्मा ताठ झाली. “अल्लाल म्हातारा झालाय. माझ्या घरचा कुसकुस खाल्ला, काहीतरी गोड बोलून उठावं म्हणून बोलला. चल.”

“पण यम्मा…”

“सगळी भिंत सरळ आहे. एक तुकडा हललेला नाही. मुलगी मातीत जात होती आणि या माणसाचा हात हलला नाही. बघितलं ना? चल आता.”

डाव्या टोकाकडून गाइडने टाळी वाजवली. लोक पायऱ्या चढायला लागले होते.

*

अंगणाच्या कठड्याशी, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात दोघी बसल्या. यम्माने घरून आणलेला पाव सोडला. उकडलेली अंडी, काळे ऑलिव्ह, जिऱ्याची पूड. परतीची गाडी साडेचारला होती. यम्मा अंडं सोलत होती आणि सोललेलं परत कागदावर ठेवत होती.

नुझाने अल्लालचा कागद काढला. कुठे चुकलं हे शोधायची सवय सुटत नव्हती. दुसरी भिंत असेल का? दुसरा वजूखाना? पण अल्लालने कुंडं काढली होती, पायऱ्या काढल्या होत्या, सगळं जुळत होतं. वाऱ्याने कागद तिच्या हातात उलटा झाला. ऊन त्याच्या आरपार आलं, आणि पेन्सिलीचे सात तारे मागच्या बाजूने दिसले. फुली डावीकडे होती.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. अल्लालने ती भिंत मांडली होती. त्याच्या आठवणीतली भिंत उपडी होती. मातीची बाजू वर. चौतीस वर्षांनी त्याने काढली ती तशीच काढली, पाठीमागून. उभी केल्यावर उजवं डावीकडे जातं.

“यम्मा! आपण चुकीच्या टोकाला गेलो. डावीकडून दुसरा. ते लोक उभे होते ना, तिथे. सी अल्लालने उलटं…”

“माहीत आहे.”

नुझाने कागद खाली ठेवला.

“तुला आत्ता कळलं?” यम्माने अंड्याच्या टरफलाचे तुकडे एकेक करून तळहातावर गोळा केले. “मी कुंभाराची मुलगी, झेलीजवाल्याची बायको. तीस वर्षं त्यांचा डबा घेऊन गेलेय कारखान्यात. हे लोक उजवं म्हणतात तेव्हा डावं समजायचं, हे मला पोराटोरांनी शिकवावं का? त्याने पेन्सिल टेकवली तेव्हाच मला कळलं.”

“मग उजवीकडे का गेलीस?”

यम्माने टरफलं मुठीत धरली. खाली लाटा कठड्यावर आपटत होत्या. दोन पोलिस शीळ वाजवून कठड्यावर चढलेल्या मुलांना खाली उतरवत होते.

“घरून निघताना डावीकडेच जाणार होते,” ती म्हणाली. “पायऱ्या उतरेपर्यंत. मग वाटलं, तो तुकडा खरंच असला तर? तर मी काय करू? सांग ना, तू शिकलेली आहेस. तो दगड आहे असं समजून मी त्याच्याबरोबर राहिले. दगडाला जसं बोलावं तसं बोलले. त्याला लागतंय असं मला वाटलं नाही, कारण मला वाटलं त्याला त्या वेळीही लागलं नव्हतं. आता तू मला सांगणार की लागत होतं.”

“मी काहीच सांगत नाहीये.”

“ती भिंत सांगणार.” तिने टरफलं रुमालात बांधली. “अल्लालला मी खोटारडा म्हटलं. अल्ला मला माफ करो. ते सोपं होतं गं. नवरा वाईट होता, हे सोपं होतं.”

नुझाने कागदाची घडी घातली. लहानपणी ती बाबांच्या बाजूने असायची, मोठी झाल्यावर आईच्या. मधली जागा त्या घरात नव्हती. आपण अजून काय बघितलं नाही, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो पुढे जाऊ दिला नाही.

“घरी जाऊया का?” तिने विचारलं. “लवकरची गाडी मिळेल. बघायलाच पाहिजे असं नाही, यम्मा. चार महिने तू…”

“पुन्हा फेरी कधी आहे?”

“तीनला. स्पॅनिश लोकांची.”

“मग स्पॅनिश होऊ.” तिने रुमालाची गाठ आवळली. “तू खा. मी नमाज पढून येते. वरच्या सज्ज्यात.”

*

खिडकीतल्या बाईने या वेळी काही विचारलं नाही. गाइड तोच होता. यम्माला पाहून त्याने दोन्ही हात वर केले. “हाज्जा, परत? आता कुठली फुली वाकडी?”

“माझी,” यम्मा म्हणाली. त्याला कळलं नाही. तो हसला आणि स्पॅनिशमध्ये सुरू झाला.

या वेळी ती सगळ्यांच्या आधी पायऱ्या उतरली. नुझा मागे होती. यम्मा डावीकडे वळली, पहिल्या ताऱ्यापुढून न थांबता गेली, आणि दुसऱ्यापुढे थांबली. तिला शोधावं लागलं नाही.

कमरेच्या उंचीवर, हिरव्या बदामांच्या वर्तुळात एक बदाम मातीचा होता. नुझाने जवळ जाऊन पाहिलं, कारण कोणीतरी पाहायला हवं होतं. कडेला झिलईचा अंश नव्हता. भोवती सिमेंटची रुंद, करडी रेघ होती. तुकडा इतरांपेक्षा लहान दिसत होता, मोठ्यांच्या गादीवर निजवल्यासारखा. उघड्या मातीवर छिन्नीचे तिरपे घाव होते, पाच, शेजारी शेजारी. बाबा पाचच घाव घालत. इतर कारागीर सात घालत, आठ घालत. त्यांना त्याचा अभिमान होता.

“तोच आहे, यम्मा.”

“दिसतंय मला.”

यम्माने अंगठा मातीच्या तुकड्यावर टेकवला, आणि मग त्याच्या भोवतीच्या खोल रेघेतून हळूच फिरवला. बाळाच्या कानामागची ओल पुसावी तसा. अंगठ्याला पांढरं मीठ लागलं. तिने ते जेलाब्याला पुसलं, परत अंगठा फिरवला.

“बाई, हात लावायचा नाही,” गाइड लांबून म्हणाला.

नुझा त्याच्याकडे वळली. “थोडा वेळ द्या. भिंत माझ्या वडिलांनी केलीय.” त्याने यम्माकडे बघितलं आणि आपली माणसं कुंडांच्या पलीकडे नेली.

यम्मा खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून ती गेली दोन वर्षं जमिनीवर बसत नव्हती. फरशीवर पाय दुमडून, चपलांची पिशवी बाजूला टाकून ती भिंतीला तोंड करून बसली. जेवणाचं ताट समोर असावं तशी.

“भिंतीला सांगितलंस,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “या भिंतीला सांगितलंस, अल्लालला सांगितलंस. मी चुलीपाशी होते की रे. तीन पावलांवर. तेवढं चालायला काय झालं होतं?”

नुझाला वाटलं, आता आई रडेल. चार महिन्यांत ती रडली नव्हती. बायका आपसात त्यावर बोलल्याही होत्या. पण यम्मा रडली नाही. तिने कपाळ ताऱ्याला टेकवलं.

“मी रोज बोलत होते आणि तू रोज ऐकून घेत होतास. एकदा तरी म्हणायचंस, तामू, पुरे. एकदा तरी भांडायचंस. मी थांबले असते रे. मी थांबले असते का?” तिने स्वतःलाच विचारलं.

पलीकडे गाइड घड्याळ बघत होता. नुझा वाकली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाडांचा होता, तिला आठवत होता त्यापेक्षा लहान.

“यम्मा, गाडी.”

“चुकू दे.” यम्माने मान न वळवता तिचा हात बाजूला केला. “तू हो पुढे. पायऱ्यांपाशी थांब. मला त्याला सांगायचंय, ती कशी गेली. शेवटी काय काय झालं, कोणाचं नाव घेत होती. त्याने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.”

नुझा पायऱ्यांपर्यंत गेली आणि पाठ करून उभी राहिली. मागे आईचा आवाज सुरू झाला, सपाट, घाई नसलेला, बाजारातून आल्यावर दिवसभराचं सांगावं तसा. पहिला शब्द तिला स्पष्ट ऐकू आला. ते एक नाव होतं, शामा, आणि नुझा ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. त्यानंतर गाइडची माणसं चपला सांभाळत तिच्या शेजारून वर चढायला लागली, आणि पुढचं काही तिच्यापर्यंत आलं नाही.